मुंबईच्या बाजारात सांगलीच्या मालासाठी ओळख कशी बांधावी?

हरिपूरची_सून

नमस्कार. माझे सासर हरिपूरचे आणि माहेर तासगाव तालुक्यातले, त्यामुळे हळद आणि बेदाणा या दोन्ही मालांशी माझा जवळचा संबंध आहे. चार वर्षांपूर्वी माहेरच्या शेडवरचा बेदाणा निवडून, प्रतवारी लावून पंधरा किलोच्या पेटीत आणि लहान पाकिटांत भरण्याचे काम मी आठ महिलांना सोबत घेऊन सुरू केले. तोवर आमचा सगळा माल तासगावच्या सौद्यात जात असे. तिथली आमची अडत घरच्यासारखी आहे आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र सौद्यानंतर आमची पेटी कोठे जाते, तिला पुढे काय भाव मिळतो आणि खाणाऱ्याला ती आवडते की नाही, हे आम्हाला कधीच कळत नाही. म्हणून मुंबईत थेट व्यवहार करावा असे ठरवले.

पहिल्या खेपेस मी गोरेगावच्या एका प्रदर्शनाला गेले आणि सत्तरएक भेटपत्रे घेऊन परत आले. त्यांतल्या बहुतेकांना फोन केले, नमुने पाठवले आणि दोन महिने वाट पाहिली, पण एकाचेही उत्तर आले नाही. दुसऱ्या खेपेस एका ओळखीच्या ओळखीने नवी मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडे शंभर पेट्या पाठवल्या. भाव फोनवर ठरला होता. पैसे पंच्याहत्तराव्या दिवशी आले, तेही माल ओलसर होता असे सांगून प्रत्येक किलोमागे अकरा रुपये कापून. माल उतरवून घेताना ओलाव्याविषयी कोणी एक शब्द काढला नव्हता.

रक्कम बुडाली नाही, हे मी नशीब समजते. पण त्या दिवसापासून मला मुंबईची भीती बसली आहे, आणि ती घालवायची आहे. आपल्या भागातली पुष्कळ माणसे मुंबईच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांनी आपली माणसे तिथे कशी जोडली, पहिला व्यवहार किती मोठा ठेवला, कोणावर आणि कशाच्या आधारे विश्वास ठेवला, हे अनुभवाने सांगणारे कोणी असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

वाशीतला_दिवाणजी

ताई, नमस्कार. मी मूळचा पाटण तालुक्यातला आणि गेली सव्वीस वर्षे वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका पेढीवर दिवाणजी आहे. आपला अनुभव वाचून वाईट वाटले. त्याच वेळी एक प्रश्न पडला, तो आधी विचारतो. त्या शंभर पेट्या समोरच्या माणसाने खरेदी केल्या होत्या, की अडतीवर ठेवून घेतल्या होत्या?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो, कारण गावाकडून येणाऱ्या दहांपैकी आठ जणांना त्याचे उत्तर देता येत नाही. मुंबईच्या बाजारात आपल्याला तीन प्रकारची माणसे भेटतात. दलाल मालाला हात लावत नाही. तो नमुन्याची पुडी घेऊन दहा पेढ्या फिरतो, सौदा जुळवतो आणि आपली दलाली घेतो. अडत्याच्या गाळ्यात आपला माल उतरतो, पण तो विकला जाईपर्यंत आपलाच असतो. भाव पडला तर नुकसान आपले, आणि हमाली, तोलाई, अडत वजा करून उरलेल्या रकमेची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, तो आपल्याला पाठवतो. खरेदीदार माल स्वतःच्या नावावर घेतो, आणि एकदा त्याने माल पाहून उतरवून घेतला की त्यापुढची जोखीम त्याची असते. बाजारात एकच माणूस सकाळी दलाल, दुपारी अडत्या आणि संध्याकाळी खरेदीदार असू शकतो. त्यात गैर काही नाही, पण आपल्या मालापुरता तो कोण आहे, हे गाडी भरण्याआधी ठरलेले असले पाहिजे. ते ठरले नसेल तर भाव चढल्यावर तो खरेदीदार होतो आणि भाव उतरल्यावर अडत्या होतो.

दुसरी गोष्ट नमुन्याची. मालाच्या एकाच लाटेतून (लॉटमधून) तीन पुड्या काढाव्यात, तिन्हींवर तारीख, मालाची जात आणि दोघांच्या सह्या असाव्यात. एक आपल्याकडे, एक घेणाऱ्याकडे आणि एक मध्यस्थाकडे राहावी. आमच्या पेढीवर जुन्या शेठजींच्या काळापासून ही पद्धत आहे. ती पाळली तर ओलाव्याचा वाद पंधरा मिनिटांत मिटतो, कारण पुडी आणि पेटी शेजारी ठेवून हाताने दाबून पाहता येते.

आता माणूस कसा शोधावा, याविषयी. मुंबई बाजार समितीचे पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाला आणि धान्य. हळद आणि सुकामेवा आमच्याकडे मसाला मार्केटला येतात. हा व्यापार पूर्वी मस्जिद बंदरच्या गल्ल्यांत होता आणि आजही काही जुन्या पेढ्या तिथे आहेत. आपण रात्रीच्या बसने निघालात तर पहाटे वाशीत उतराल. पण एका दिवसासाठी येऊ नका. सलग चार-पाच दिवस राहा आणि पहिले दोन दिवस कोणालाही माल विकायचा आहे असे सांगू नका. कोणत्या गाळ्यासमोर रोज गाड्या लागतात, कोणाकडे माल आठ-आठ दिवस पडून असतो, कोणत्या गाळ्यातून वाहतूकदार पैशासाठी हेलपाटे घालून परत जातात, हे नुसते पाहा.

आणि आपल्या माथाडी बांधवांशी बोला. या बाजारातल्या हमालांच्या टोळ्यांमध्ये पाटण, जावळी, कोरेगाव भागातली माणसे मोठ्या संख्येने आहेत. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील आमच्याच पाटण तालुक्यातले, आणि १९६९ चा माथाडी कायदा झाल्यापासून त्यांच्या कामाची व मजुरीची रीतसर नोंद होते. कोणत्या पेढीचा माल महिन्याला किती हलतो, हे टोळीच्या मुकादमाइतके नेमके कोणालाच माहीत नसते. त्याला मान देऊन, चहा घेऊन विचारले तर तो गावच्या लेकीला खोटे सांगणार नाही.

विट्याचा_गलाईवाला

दिवाणजींनी बाजाराची बाजू फार चांगली सांगितली. मी ओळख देणाऱ्याची बाजू सांगतो, कारण आमचा सगळा धंदाच तिच्यावर उभा आहे.

आमच्या खानापूर-आटपाडी भागातली आणि शेजारच्या माण-खटावमधली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर गेली. पाऊस नाही, शेतीत भागत नाही, म्हणून घराबाहेर पडणे भाग होते. कोणी केरळात गेले, कोणी दिल्लीत, कोणी तमिळनाडूत. माझे चुलते मुंबईत झवेरी बाजाराजवळच्या एका गल्लीत स्थिरावले. सराफाच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा आम्ही विकत घेतो आणि तिच्यातून सोने काढतो. विचार करा, परक्या गावातला सराफ आपले सोने एका अनोळखी मराठी मुलाच्या हाती गाळायला का देत असेल? त्या मुलाच्या पाठीमागे दुसरा कोणीतरी उभा असतो, ज्याने वीस वर्षे त्या सराफाचा एक गुंजही कमी केलेला नसतो.

मी सतरा वर्षांचा असताना चुलत्यांकडे गेलो. पहिली तीन वर्षे मी फक्त भट्टी पेटवली, टंच काढायला, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासायला, शिकलो आणि निरोप पोहोचवले. त्यानंतर चुलते मला एका सराफाकडे घेऊन गेले आणि म्हणाले, ‘हा माझा पुतण्या. याच्याकडून काही कमी-जास्त झाले तर माझ्याकडून वसूल करा.’ त्या एका वाक्यावर माझा धंदा सुरू झाला. त्या वाक्याचे ओझे मी आजही वाहतो, कारण मी चुकलो असतो तर माझे नुकसान थोडे आणि चुलत्यांचे फार झाले असते.

ताई, आपण ‘ओळखीच्या ओळखीने’ माल पाठवलात असे लिहिले आहे. माझ्या मते चूक तिथेच झाली. ज्याने फोन नंबर दिला, त्याची स्वतःची काहीही पत त्या व्यवहारात गुंतलेली नव्हती. नंबर देणे आणि जामीन राहणे यांत फार अंतर आहे. यापुढे कोणी मुंबईतले नाव सुचवले तर त्याला सरळ विचारावे की, ‘तुम्ही स्वतः या माणसाला उधारीवर माल दिला आहे का, आणि किती?’ जो उत्तर द्यायला अडखळतो, त्याची ओळख घेऊ नये.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्याकडे फारशी कोणी पाळत नाही. ओळख करून देणाऱ्याला नंतर कळवत राहावे लागते. भेट झाली, माल गेला, पैसे आले, अडचण आली; प्रत्येक वेळी एक फोन करावा. आमच्याकडची पोरे ओळख घेतात आणि सहा महिने तोंड दाखवत नाहीत. मग पुढच्या वेळी तोच माणूस ‘बघतो’ म्हणतो, आणि ते ‘बघतो’ कायमचे असते.

कुपवाड_कास्टिंग

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून मी वेगळे मत मांडतो. माझा कुपवाड औद्योगिक वसाहतीत ओतकामाचा लहान कारखाना आहे आणि आमचा निम्मा माल मुंबई-ठाण्याकडच्या कंपन्यांना जातो. शब्दावर चालणारा व्यवहार ज्यांच्या चार पिढ्या त्या बाजारात आहेत, त्यांच्यासाठी ठीक आहे. ताईंसारख्या नव्याने येणाऱ्या माणसाच्या बाजूने बोलायला तिथे चुलते नाहीत. तिच्या बाजूने कागदच बोलणार.

म्हणून लेखी खरेदी आदेशाशिवाय गाडी भरू नये. त्यात मालाची प्रत, ओलाव्याची मर्यादा, भाव, वाहतूक कोणाची, तक्रार किती दिवसांत करायची आणि पैसे किती दिवसांत द्यायचे, एवढे असले तरी पुरे. मोबाइलवर आलेला साधा लेखी होकारही मुळीच काही नसण्यापेक्षा बरा.

दुसरे, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात अशी तरतूद लागू झाली की, या मुदतीत न दिलेली रक्कम घेणाऱ्याला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, ती प्रत्यक्ष दिली त्या वर्षीच दाखवता येते. या एका तरतुदीमुळे मार्चअखेरीस मुंबईहून मला स्वतःहून फोन येऊ लागले, हा माझा प्रत्यक्ष अनुभव आहे. मोठ्या कंपनीला माल देत असाल तर ट्रेड्स या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर बिल चढवून बँकेकडून आधी पैसे उचलण्याची सोयही आहे, आणि २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्या व्यवस्थेत नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे.

जाता जाता एक आठवण. आपण किर्लोस्करवाडीचा उल्लेख नेहमी ओसाड माळावर उभा राहिलेला कारखाना म्हणून करतो. १९१० मध्ये तो उभा करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. म्हणजे मुंबईचे यंत्रांचे जग त्यांनी आधी आतून पाहिले होते आणि मग माळावर आले. दिवाणजी म्हणतात तसे चार-पाच दिवस बाजारात राहण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

वाशीतला_दिवाणजी

आपला मुद्दा मला मान्य आहे आणि कागद असावा यात दुमत नाही. पण एक अडचण सांगतो. मसाला मार्केटमध्ये पहिल्याच भेटीत कोणी कायद्याचे कलम दाखवले तर समोरचा गोड बोलून निरोप देईल आणि शेजारच्या गाळ्यालाही सांगेल. त्या तरतुदी हाताशी असाव्यात, पण तोंडावर नसाव्यात. पहिल्या व्यवहारात ४५ दिवसांचा कायदा सांगण्यापेक्षा ‘माझ्याकडे आठ महिलांची मजुरी दर शनिवारी द्यावी लागते, म्हणून मला एकवीस दिवसांत पैसे लागतात’ असे सांगावे. व्यापाऱ्याला ती भाषा समजते.

हरिपूरची_सून

सर्वांचे मनापासून आभार. दिवाणजी, आपल्या प्रश्नाचे उत्तर मला खरोखर देता आले नाही. मी जुने संदेश काढून पाहिले. त्यांत ‘माल पाठवा, भाव अमुक’ एवढेच आहे. तो खरेदीचा भाव होता की अंदाज होता, हे त्यावरून सांगता येत नाही.

कुपवाडच्या दादांना एक विचारायचे आहे. मी बेदाणा पिकवत नाही, माहेरच्या शेडवरून घेते आणि प्रतवारी लावून भरते. मग कायद्याच्या दृष्टीने मी उत्पादक की व्यापारी?

कुपवाड_कास्टिंग

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि बरेच जण इथेच फसतात. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती असते. थकीत रकमेवरच्या व्याजाचे संरक्षण तिला मिळत नाही. आपण माल धुणे, निवडणे, प्रतवारी लावणे, पॅकिंग करणे ही कामे करता, तेव्हा नोंदणीत कामाचा प्रकार नेमका कोणता लिहिला आहे, हे आपल्या लेखापरीक्षकाकडे बसून तपासून घ्यावे. ऐनवेळी वाद झाला तर पहिला कागद तोच पाहिला जातो.

निवृत्त_शाखाधिकारी

मी गणपती पेठेतल्या एका बँक शाखेत बरीच वर्षे काढली. दोनच गोष्टी जोडतो.

समोरच्याचा जीएसटी क्रमांक मागून घ्यावा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा. नोंदणी कोणत्या नावावर आहे, केव्हापासून आहे, चालू आहे की रद्द झाली, आणि विवरणपत्रे वेळेवर भरली जातात की नाही, हे तिथे कोणालाही विनामूल्य दिसते. ज्याची विवरणपत्रे चार-चार महिने रखडलेली असतात, त्याच्याकडे आपलेही पैसे रखडण्याची शक्यता मोठी असते. कर्ज देताना मी हेच आधी पाहत असे. राज्यांतर्गत एक लाखाहून अधिक किमतीचा करपात्र माल पाठवताना महाराष्ट्रात ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) लागते, तेही विसरू नये. गाडी वाटेत अडली तर माल उशिरा पोहोचतो आणि भाव कापायला समोरच्याला निमित्त मिळते.

दुसरी गोष्ट धनादेशाची. आपल्याकडे समज आहे की मुंबईच्या माणसाचा धनादेश परत आला तर खटला मुंबईतच चालवावा लागतो, आणि त्या भीतीने लोक रक्कम सोडून देतात. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, आपण धनादेश आपल्या खात्यात भरला असेल तर आपले खाते ज्या शाखेत आहे, तिथल्या न्यायालयात तक्रार दाखल करता येते. म्हणजे सांगलीच्या शाखेत खाते असेल तर सांगलीच्या न्यायालयात. मात्र मुदती काटेकोर आहेत: धनादेश परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात, आणि तरीही पैसे न आल्यास पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. ‘आज देतो, उद्या देतो’ ऐकण्यात पहिले ३० दिवस निघून जातात, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे.

तासगाव_शेड

ताई, आपल्या सौद्यात ज्या गोष्टीची आपल्याला सवय आहे, तीच मुंबईकरांपुढे ठेवावी, असे मला वाटते. दिवाळीच्या आधी आपल्याकडे बेदाण्याचे सौदे काही काळ थांबतात आणि व्यापारी एकमेकांची सगळी देणी शून्यावर आणतात. ‘झिरो पेमेंट’ झाल्याशिवाय नवे सौदे होत नाहीत. कितीही कटकट झाली तरी या रिवाजामुळे कोण उभा आहे आणि कोण डुबला आहे, हे वर्षातून एकदा सगळ्यांना कळते. मी माझ्या मुंबईच्या दोन्ही गिऱ्हाइकांना पहिल्याच दिवशी सांगितले की, दिवाळीआधी खाते शून्य करून पाडव्याला नवी वही उघडायची. दोघेही जुने कच्छी व्यापारी आहेत. त्यांनी उलट समाधान व्यक्त केले, कारण त्यांच्या घरातही हीच शिस्त आहे.

आणि प्रतवारीविषयी थोडे परखड सांगतो, राग मानू नये. मुंबईच्या सुकामेव्याच्या बाजारात एकाच पेटीतला दाणा वर एक आणि खाली एक निघाला, तर त्या नावाची पेटी पुन्हा कोणी उघडत नाही. पिवळ्या मालाला गंधकाची धुरी दिली आहे की नाही, हे विचारण्याआधी स्वतःहून सांगावे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण ते पेटीवर छापल्याने आतला ओला दाणा सुकत नाही. पंच्याहत्तर दिवसांनी कापलेले अकरा रुपये अन्यायाचे होते, हे खरे. तरीही त्या मालाचा ओलावा आपण भरताना मोजला होता का, हेही तपासावे.

हरिपूरची_सून

राग मुळीच नाही. मोजला नव्हता. हाताला लागतो तसा अंदाज घेतला होता. आता ओलावा मोजण्याचे यंत्र घेते आहे.

हळद_गणपती_पेठ

चर्चा बेदाण्याकडे झुकली आहे, पण ताईंनी हळदीचाही उल्लेख केला आहे, म्हणून लिहितो. आमची तिसरी पिढी हळदीच्या व्यापारात आहे.

मुंबईची भीती वाटते, असे ताईंनी लिहिले आहे. हरिपूरच्या सुनेने असे म्हणावे, याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण हरिपूरची पेवे, म्हणजे हळद साठवण्याची जमिनीखालची कोठारे, पाहायला एके काळी मुंबईचे व्यापारी स्वतः येत असत. कृष्णाकाठच्या त्या मातीत खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे किडीशिवाय राहत असे. पेव एकाचे, माल दुसऱ्याचे आणि त्यावर पैसे तिसऱ्याने दिलेले, असा व्यवहार केवळ पेवाच्या मालकाच्या शब्दावर चालत असे. आत किती माल आहे, हे पेव उघडल्याशिवाय कोणालाच दिसत नव्हते आणि तरीही त्यावर पैसा उभा राहत होता. हळदीचे वायदेही, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आधीच ठरणारे सौदे, सांगलीत होत. स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज ही त्यासाठीची संस्था आपल्याच गावात होती. २००५ च्या महापुराने पुष्कळ पेवे खराब झाली आणि साठवण शीतगृहांकडे व गोदामांकडे वळली, तरी राजापुरी हळकुंडाचा भाव आजही देशभरातले व्यापारी सांगलीकडे बघून विचारतात.

याचा उपयोग व्यवहारात असा करावा. मुंबईच्या पेढीवर आपण ‘माल घ्या’ म्हणून गेलो तर आपण शंभरातले एक असतो. पण सांगली मार्केट यार्डात आज आवक किती झाली, हळकुंड, गड्डा (मूळ गोल कंद) आणि कणी (तुकडे) यांच्या भावात किती अंतर पडले, नवा माल केव्हा येईल, पावसाने कोणत्या गावची काहिली (हळद शिजवण्याचे काम) लांबली, ही माहिती आपण नियमितपणे आणि खरी देत राहिलो, तर तोच व्यापारी रोज सकाळी आपल्या फोनची वाट पाहतो. माझ्या वडिलांनी मस्जिद बंदरच्या एका पेढीला दोन हंगाम नुसता भाव कळवला, पोस्टकार्डाने. माल मागणारे पत्र तिसऱ्या हंगामात तिकडूनच आले. भाव कळवताना एकदाही स्वतःच्या मालाच्या सोयीने फिरवू नये, एवढी एकच अट.

वाई_हळद

चेंबरचे, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचे, सभासद होण्याचा उपयोग होतो का, असे अनेक जण विचारतात. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र चेंबरचा मी सभासद आहे. आखाती देशांत माल पाठवताना मालाच्या उगमाचा दाखला लागतो, तो चेंबरकडून मिळतो, आणि त्यासाठी सभासदत्व सोयीचे ठरते. न्हावाशेवा बंदरातून काम करणारे कस्टम एजंटही तिथल्या बैठकींतच भेटले. देशी बाजारातले गिऱ्हाईक मात्र मला तिथे मिळालेले नाही.

हरिपूरची_सून

सात आठवड्यांनी लिहिते आहे. इथे इतक्या जणांनी वेळ दिला, तेव्हा पुढे काय झाले, ते कळवणे हे माझे कर्तव्य आहे, आणि विट्याच्या दादांचे म्हणणेही लक्षात आहे.

मी नेरूळला मावसबहिणीकडे पाच दिवस राहिले. पहिले दोन दिवस दिवाणजींनी सांगितले तसे नुसती फिरले. माझ्या गावच्या एका माणसाचा भाचा तिथल्या टोळीत आहे. त्याच्या मुकादमांनी मला तीन गाळ्यांची नावे सांगितली आणि एका गाळ्याविषयी, मी न विचारताच, ‘तिथे जाऊ नका’ असे सांगितले. तो गाळा त्याच माणसाचा होता, ज्याने माझे अकरा रुपये कापले. मला काही बोलता आले नाही.

तिघांपैकी एका पेढीवर वयस्कर गृहस्थ बसतात. मी नमुन्याच्या तीन पुड्या पुढे ठेवल्या, तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि ही पद्धत कोणी शिकवली, असे विचारले. त्यांनी वीस पेट्या मागितल्या. मी पन्नास पाठवण्याच्या तयारीने गेले होते, पण वीसच पाठवल्या. खरेदीचा भाव, ओलाव्याची मर्यादा, तीन दिवसांत तक्रार आणि एकवीस दिवसांत पैसे, एवढे त्यांच्या मुनीमाने मोबाइलवर लिहून पाठवले. जीएसटी क्रमांक आधीच तपासला होता. विवरणपत्रे वेळेवर भरलेली होती.

अडचण आलीच. दुसऱ्या दिवशी फोन आला की दोन पेट्यांत काड्या जास्त आहेत. मी वाद घातला नाही, छायाचित्र मागितले. ते खरे होते. त्या दिवशी निवडायला दोन नव्या बायका होत्या. मी त्या दोन पेट्यांच्या बदल्यात दुसऱ्या दोन पेट्या रात्रीच्या गाडीने पाठवल्या आणि काड्यांच्या पेट्या परत मागवल्या. पैसे एकोणिसाव्या दिवशी पूर्ण आले. ज्या मुकादमांनी नाव सांगितले, त्यांनाही कळवले.

आता त्या गृहस्थांनी साठ पेट्यांची मागणी केली आहे आणि सोबत हळद पावडर आहे का, असे विचारले आहे. हळद पावडरीचा माझा अजिबात अनुभव नाही. दळून आणून द्यावी का?

हळद_गणपती_पेठ

वाचून फार आनंद झाला. पावडरीला आत्ता ‘नाही’ म्हणावे. दळणाच्या हळदीत भेसळ नाही याची हमी आपण स्वतः दळल्याशिवाय देता येत नाही, आणि दुसऱ्याच्या गिरणीचा दोष आपल्या नावावर येईल. त्याऐवजी पॉलिश केलेल्या राजापुरी हळकुंडाची एक किलोची पुडी त्यांना भेट म्हणून नव्हे, नमुना म्हणून, भाव लिहून पाठवावी. माल सासरचाच असेल तर उत्तम. नसेल तर यार्डात या, मी निवडायला मदत करतो.

वाशीतला_दिवाणजी

साठ पेट्या पाठवताना पुन्हा तीन पुड्या काढायला विसरू नका, पहिला व्यवहार नीट झाला असला तरी. आणि त्या दोन नव्या बायकांना काड्यांची ती छायाचित्रे दाखवली का?

हरिपूरची_सून

दाखवली. परत आलेल्या दोन्ही पेट्या त्यांच्याच हातून पुन्हा निवडून घेतल्या. साठ पेट्या सोमवारी रात्री निघतील. पुड्यांवर सह्या घ्यायला मी स्वतः सोबत येते आहे.